“तुम्ही जरा घरी जाऊन या”

चिमणे, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

त्या सकाळी मी पाणी भरलं, केर काढला, ह्यांच्यासाठी मऊ भात लावला. कुकरची शिट्टी होईपर्यंत पेपर वाचत बसले, ही गोष्ट मी तुला कधी बोलले नव्हते. हॉस्पिटलातल्या सेवा मंडळाच्या ताईंनीच मला धाडलं होतं, “तुम्ही जरा घरी जाऊन या, आम्ही आहोत ना.” डबा घेऊन पोचले, तोवर हे गेले होते. ह्यांचा हात त्या ताईंच्या हातात होता. मी त्यांचे आभारही मानले.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच मंडळात जाते आहे. परवा मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघाली. पहिल्याच पानावर ते वाक्य छापलं आहे. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “हे तुमच्याइतकं गोड म्हणायला कुणाला जमत नाही हो. बायका लगेच उठतात.”

उठतात खऱ्या. त्यातल्या दोघी-तिघी माझ्यासारख्याच उशिरा परत आल्या. त्यांचेही आभार मी ऐकून घेतले.

काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? सुनेचं ऐकतेस, की अजून जिना चढउतार चालूच?

पुस्तिका निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, नऊ नंबरच्या खाटेशी एक बाई नवऱ्याजवळ उभी होती. तीन दिवसांत घरी गेली नव्हती. मी तिला जा म्हटलं नाही. खुर्ची ओढून खाटेला लावून दिली.

तुझी,
अक्का