समासातला ‘तू’

खुशबू,

सकाळची सफारी आहे, म्हणून जिप्सी घेऊन निघालो. वांग्याची भाजी गंजात झाकून ठेवली आहे.

तुझ्या शाळेतल्या कटरे सरनं दिलेलं ते मराठीत आलेलं कोरियन पुस्तक मी काल नागझिऱ्याच्या गेटवर बसून वाचलं. तीन भाऊ बापाच्या कारखान्यासाठी एकमेकाले मारायले धावतात अन् मयतीत जेवणावरून भांडतात. मले माझ्या मोठ्या काकाचं घर आठवलं.

पण लहाना भाऊ बापाले लोणच्याच्या रांजणात ढकलते, त्या पानाच्या समासात तू पेन्सिलीनं लिवलं, ‘पोट दुखेपर्यंत हसली.’ त्याच्याखाली सरनं हिरव्या पेनानं लिवलं, ‘मला माहीत होतं, तू इथंच हसशील.’ म्हणजे पुस्तक त्याच्याकडे जाऊन पुन्हा आपल्या घरी आलं. मले नाही सांगितलं.

स्टाफरूममध्ये तो तुले मॅडम म्हणते. मंग समासात ‘तू’ काऊन?

त्याच्याखाली मी बी लिवलं, ‘मी बी इथंच हसलो.’ खोटं आहे, मले हसू आलं नाही. पण तू ते खोडू नको. पुस्तक परत करशील तवा त्याले वाचू दे.

गुलशन