पट्टी उतरवायचं बटण

बाबा, तुम्ही गेल्यापासून पडून असलेली तुमची पेटी आता वाजत नाही, भाता उंदरांनी खाल्ला. तिच्या जागी मी एक डबा केला आहे. आत मायक्रोकंट्रोलर नावाची बोटाएवढी संगणक-चिप, भंगारातल्या कीबोर्डच्या पट्ट्या, लहानसा स्पीकर, वरून प्लायवूड. सूर कसा निघावा ते मीच कोडमध्ये लिहिलं. स्वस्तात झाला, म्हणून कुरखेड्याकडच्या लहान नाटक कंपन्यांनाही परवडतो. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "याले चहा नाई लागत, पान नाई लागत, अन् रुसत बी नाई." लोक हसतात आणि घेतात.

आयटीआयला होतो तेव्हाचं आठवतं. रंगमंचासमोर तुम्ही पेटीवर, मी शेजारी. नाटकातल्या मुख्य बाई पद गाताना मधेच सुरातून उतरतात आणि मी पटकन बोलतो, "बाबा, बेसूर झाली." तुम्ही माझ्याकडे पाहतही नाही. दोन ओळींच्या मधे, तबल्याच्या आडून, तुमची बोटं एक पट्टी खाली सरकतात, पेटीच बाईंच्या सुराला येते आणि बाई पुन्हा सुरात. टाळ्या. मग तुम्ही म्हणता, "कान तिखट हायेत तुहे. पन इथी आपन तिले पकडाले नाई, सांभाळाले बसलो."

यंदा मंडईच्या जत्रेत त्याच बाईंच्या नाटकात मी डबा घेऊन बसलो. बाई आता थकल्या आहेत. डब्यावर पट्टी खाली उतरवायचं एक बटण आहे, तुमच्यावरूनच सुचलेलं. बाई सुरातून उतरल्या ते मला सगळ्यांच्या आधी ऐकू आलं. अंगठा बटणावर होता. दाबला नाही. पुढच्या रांगेत दुसऱ्या कंपन्यांचे मॅनेजर होते, डब्याचा सूर जागचा हलत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाई पद अर्धवट टाकून आत गेल्या.

पडद्यामागे त्यांनीच माझे हात धरले. "माफ कर भाऊ, गळाच गेला माहा. तुह्या बाबाच्या पेटीवर निभून गेलं. आता नाई उभी राहत मी."

"होते असं, बाई," मी म्हणालो. एवढंच.

त्या खरंच घरी बसल्या आहेत. परवा आलापल्लीहून येताना त्यांच्या दारापुढे मी गाडी हळू केली, थांबवली नाही. मॅनेजरांनी डबे करायला सांगितले आहेत, तेच बांधून राह्यलो. बटणाचं हे बाईंना सांगायचं सोडून तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलटून काही बोलणार नाही.

आणि बाबा, शिट्ट्या वाजत होत्या तेव्हा डबा अगदी सुरात होता, आणि मला बरं वाटलं होतं.