कॅबिनच्या कपाळावरची चार अक्षरं

बाबा, तुमची गाडी रंगवून झाली. आज सकाळी भाऊ ती घेऊन पहिल्या भाड्याला गेला. गल्लीच्या तोंडाशी वळताना त्याने हॉर्न दिला, आईने दारातूनच हात केला. मी मोरीत होते, हाताचा रंग घासत. बाहेर आले नाही. ती गाडी समोरून कशी दिसते ते मला ठाऊक होतं आणि पुन्हा बघायचं नव्हतं.

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय निघाला तर कुणी आवाज बारीक करत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. नंतर पदवी झाली, मुलुंडला एका ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवते. जयंतीला स्टेजवर बोलायला मलाच बोलावतात. मी चांगलं बोलते, असं लोक म्हणतात. आपण कोण आहोत हे लपवायचं नाही, मान वर करून सांगायचं, असं मी सांगते. पोरं टाळ्या वाजवतात. हे सगळं तुम्हाला आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना ते सांगणारी मुलगी हीच, हे तुमच्या लक्षात राहील.

तुमच्या मागे हा ट्रक भाऊच चालवतो. शिकला नाही, पण हात साफ आहे. बरीच वर्षं घाटकोपरातल्या घाटकोपरात डेब्रिज, रेती, कुणाचं घरसामान असं काम मिळत होतं. मग नव्या गाड्यांचे ठेकेदार आले आणि ते सुटलं. गाडी भिंतीला लागून उभी राहिली. सुरुवातीला तो रोज सकाळी जाऊन इंजिन चालू करून यायचा, नंतर तेही बंद. दुपारपर्यंत झोपायचा. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाहीतर नाही. एकदा मी ऑफिसातून आले तर अंधारात गाडीच्या कॅबिनमध्ये नुसता बसलेला, हात स्टिअरिंगवर. मी म्हटलं, "काय रे, इथे काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही गं ताई. बसलोय." त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवून राहिले. आई माझ्यावर ठेवून राहिली.

अशात मानखुर्दच्या बाजूचा एक ट्रान्सपोर्टवाला भेटला. त्याला पावसाळ्यानंतर गाड्या हव्या होत्या, रोजचं काम, भिवंडीच्या गोडाऊनपासून आत गावागावांत माल पोचवायचा. तो गाडी बघायला आला. वाकून चाकं बघितली, बॉडीवर थाप मारली, इंजिन ऐकलं. म्हणाला, "गाडी दमदार आहे. पासिंग करून घ्या, रंग मारून घ्या, की दुसऱ्या दिवसापासून लावतो." मग वर कॅबिनवरच्या पाटीवर तुम्ही लिहिलेलं वाचलं. मला बाजूला घेतलं, भावाला नाही. शिकलेली दिसले म्हणून असेल. "ताई, राग मानू नका. मी स्वतः मानतो. माझा काहीच प्रॉब्लेम नाही. पण गाडी कुठे कुठे जाते, आतल्या गावात माल उतरवायचा असतो. उगाच कुणी काही बोललं, काच फोडली, तर नुकसान तुमचंच ना? तेवढं वरचं प्लेन करून घ्या." मी म्हटलं, "तुमच्या बाकीच्या गाड्यांवर देवांची नावं आहेत." तो हसला. वाईट हसला नाही, थकल्यासारखा हसला. "ते चालतं ना, ताई. तुम्हाला काय सांगायचं."

मला काय सांगायचं. बाबा, देवांची नावं तुमच्याइतकी कुणी लिहिली असतील? गॅरेजच्या लाइनीत तुम्ही नुसते 'पेंटर' होता. शाळा सुटली की मी तिकडे यायचे, कारण आई धुणीभांड्याला जायची. खडूत बुडवलेल्या दोरीचं एक टोक तुम्ही मला धरायला द्यायचात, दुसरं तुमच्याकडे, मधे चिमटीने ओढून सोडली की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठायची. त्या रेघेला टांगल्यासारखी तुम्ही अक्षरं उतरवायचात. कुणाचा गणपती, कुणाची एकवीरा, कुणाचा सातशे शहाऐंशी. एकदा गाडीचा मालक शेजारी उभा असताना मी मोठ्याने विचारलं, "बाबा, आपण तर देव मानत नाही, मग तुम्ही का लिहिता?" मालकाने चमकून आधी माझ्याकडे, मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. "तोंड बंद. दोरी धर." एवढंच. मला इतकं लागलं की घरी जाताना मी तुमच्या मागून मागून चालले. नाल्यावरच्या पुलावर तुम्ही थांबलात, विडी पेटवली आणि आपण होऊन म्हणालात, "देव त्याचा असतो, अक्षर माझं असतं. माझं मी वाईट कशाला काढू?" मला तेव्हा ते उत्तर वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मालक आला नाही, त्याने वरचं नाव दुसऱ्या पेंटरकडून लिहून घेतलं, हे मला आईने कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आणि मग तुम्ही ही गाडी घेतलीत. कुठल्यातरी गिऱ्हाइकाची, गंज खाल्लेली, कुणी फुकट नेली नसती अशी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवून आता स्वतःची. सुट्टीच्या दिवसांत तुम्ही तिच्यावर काम करायचात. बॉडी हिरवी, फळ्यांवर पिवळी-लाल फुलं, कडेने पांढरी वेल. कॅबिनच्या वरची पाटी मात्र नुसती निळी करून ठेवलीत, खूप दिवस. मग एका रविवारी अंघोळ करून पांढरा शर्ट घालून निघालात. आई म्हणाली, "पांढरा शर्ट घालून कुणी रंगाला जातं का? डोकं फिरलंय का?" तुम्ही म्हणालात, "तू पण ये." सगळी गल्ली जमली होती. कुणीतरी ओरडलं, "पेंटर, आजची मजुरी कोण देणार?" तुम्ही शिडीवरून म्हणालात, "आज मीच शेठ." दोरी मागितली नाहीत. मी धरायला तयार उभी होते. तुम्ही तशीच रेघ ओढलीत, हातानेच, आणि तिच्याखाली लिहिलंत, जय भीम. जाड पांढऱ्या रंगात, उजव्या अंगाला पिवळी सावली. एकदा सुकल्यावर पुन्हा, आणि त्याच्यावर पुन्हा, पावसाने जाऊ नये म्हणून. शर्टावर एक थेंब नव्हता. आई तो शर्ट उलटसुलट करून बघत राहिली.

ट्रान्सपोर्टवाला गेल्यावर आम्ही घरात आलो. मी वाट बघत होते, भाऊ म्हणेल नको. तो म्हणाला नाही. मी म्हणेन अशी तो वाट बघत असणार. शेवटी आईच म्हणाली, "तुमच्या बापानं लिवलं ते पोटासाठी नव्हतं लिवलं. आता पोटासाठी पुसायचं असंल तर मला इचारू नका. मी हो म्हणणार न्हाई आन नको पण म्हणणार न्हाई." मग भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू सांग. तू बोललीस नको, तर मी त्याला फोन करून नाही सांगतो. आईशप्पथ सांगतो." त्याने खरंच सांगितलं असतं. आणि पुन्हा कॅबिनमध्ये जाऊन बसला असता. मी म्हटलं, "कर रंग."

बाकीची गाडी मी केली, बाबा. रविवार, सुट्ट्या, रजा, सगळं तिकडे घातलं. आधी साबणाच्या पाण्याने धुतली. मडगार्डचा गंज खरवडला, भोकं बुजवली, पुन्हा गंजू नये म्हणून लाल ऑक्साइड मारलं. फळ्यांवरच्या फुलांना नवा रंग लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. कापडावर पॉलिशचं कंपाउंड घेऊन घासत बसले. कापड हिरवं झालं. मी घाबरले, हात थांबला, वाटलं तुमचा रंगच उतरवतेय. उतरतच होता, पण उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा तेवढा. त्याच्या खालून तो हिरवा वर आला, काल लावल्यासारखा. पिवळी फुलं पिवळी झाली. वेलीचं एकेक पान निघत गेलं. ब्रश जिथे टेकवलात आणि जिथे उचललात ते दिसत होतं. मी तिथे बसून एकटीच हसत होते. या सगळ्या दिवसांत तेवढाच एक आनंद होता, आणि तो मी एका बाजूला भोगत असताना दुसऱ्या बाजूला भाऊ पाटीवर निळा मारत होता.

त्याने स्प्रे-गनने मारला, दोन हात. सुकल्यावर पाटी निळी झाली. आम्ही खाली उभे राहून बघितलं, दुपारचं ऊन डोक्यावर होतं, काही दिसत नव्हतं. पेंटरची पोरं आम्ही. जुनं अक्षर आधी घासून सपाट करायचं असतं, नाहीतर वरून कितीही रंग मारा, कड उठून दिसते, हे आम्हाला चालता यायच्या आधीपासून माहीत आहे. आणि तुम्ही तर एकावर एक किती थर चढवले होते. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सपोर्टवाला आला. ऊन तिरपं होतं. तो लांबूनच थबकला. निळ्यावर निळी, सावलीने उठलेली, तुमची चारही अक्षरं तशीच होती. पहिल्यापेक्षा मोठी वाटत होती. "अरे, हे तर वाचता येतंय!" तो म्हणाला. भाऊ फस्सकन हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. मलाही हसू आवरेना, तोंडाला ओढणी लावली. ट्रान्सपोर्टवाला चिडला नाही. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "फुलं एकदम झकास काढलीत. फुलं राहू द्या. पण भाऊ, ते वरचं नीट करा. मला मस्करी परवडत नाही. उद्यापर्यंत होत असेल तर सांगा, नाहीतर दुसरी गाडी बघून ठेवलीय मी."

तो गेल्यावर भाऊ रंग घासायचा वॉटर पेपर आणि पाण्याची बादली घेऊन शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून उभी. बराच वेळ पेपरचा आवाज आला नाही. मग तो उतरला. हात कोरडे होते. "माझ्याच्याने नाही होत, ताई. राहू दे. मी दुसरं काहीतरी बघतो." असं म्हणून खाली मान घालून चाकाशी बसला, आणि त्याचे ते खांदे बघून मला कळलं की दुसरं काही नाहीये. वस्तीतल्या पोरांना मी सांगते की दोन रस्ते असले तर ताठ मानेचा घ्या. दोन असले तर. हे वाक्य मी यापुढे कुठल्या तोंडाने बोलू ते मला माहीत नाही. शनिवारी अभ्यासिकेत गेले नाही. पुढच्या शनिवारीही जाईन असं वाटत नाही.

मी चढले. वरचा निळा लगेच गेला. खालून पांढरा आला, मग पिवळी सावली, मग पुन्हा पांढरा. पाणी दुधासारखं होऊन काचेवरून ओघळत होतं. तुमचे थर एकेक करून मोजल्यासारखे निघाले. म आधी गेला. भीची वेलांटी सगळ्यात शेवटी, तिथे तुम्ही रंग जास्त धरला होता. खालून जाणारी एक बाई म्हणाली, "काय गं, बापाचं नाव घासतेस?" कुचकं बोलली नाही, विचारलंच तिने. मी पेपर पाण्यात बुडवला आणि घासत राहिले. ती थोडी थांबली आणि गेली.

मग वरून पुन्हा निळा मारला. आता पाटी कोरी आहे. तिथे काही लिहायचं की नाही ते ट्रान्सपोर्टवाला नंतर सांगणार आहे. भाऊ आज पहाटेच उठला होता, दाढी केली, आईच्या पाया पडला. त्याच्यासाठी केलं असं मी म्हणू शकते आणि ते खोटं नाही. पण त्याने काही हलकं होत नाही. दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर मी मोर्चा काढला असता, स्टेजवरून बोलले असते, कुणाकडे तरी बोट दाखवलं असतं. इथे कुणाकडे दाखवू? तो ट्रान्सपोर्टवालाही भला माणूस आहे. सगळेच भले आहेत. कुणीच काही वाईट बोललं नाही, आणि तुमचं लिहिलेलं गेलं.

हे कुणाला दाखवायचं नाही. भावाला तर नाहीच. लिहून झालं की फाडून टाकीन. पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. घासून झाल्यावर मी पाटी पुसली आणि डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेच काही लागलं नाही. काम चोख झालं होतं, आणि ते चोख झालं म्हणून मला बरं वाटलं. शिडीवरून उतरले तेव्हा रडू यायला हवं होतं. मला भूक लागली होती.