टेबलाची उंची

आबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता मला तुम्हाला काही विचारायचं आहे. गेले तीन महिने माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मधूनच बधिर होतात. मानेतली चकती सरकली आहे. वीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावर मान वाकवून उभी राहिले, त्याचं हे. दुखत होतंच. पण त्या खोलीत दुखणं फक्त टेबलावर झोपलेल्याचं, हे कुणी न शिकवताच आम्ही शिकतो.

तुम्ही मात्र मी सर्जरी शिकायला लागले त्या पहिल्याच वर्षी ओळखलंत. मार्केट यार्डातल्या हमालीतून वेळ काढून, दुपारचा डबा घेऊन तुम्ही वॉर्डाबाहेर उभे होतात, खांद्यावर गोणीची धूळ तशीच. मला जिना उतरताना बघून म्हणालात, "मान का अशी धरलीयस?"

"पाच तास उभी होते, आबा."

"उभं राहून मान धरत न्हाई. वाकून धरती. कशापायी वाकलीस?"

मी सांगितलं, टेबल सरांच्या मापानं लावतात, सर बुटके आणि मी तुमच्यासारखी उंच. "मग सांगायचं की वर घ्या." मी म्हटलं, सरांना कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघांनी पेटी धरली आन् मापं जुळली न्हाईत, तर उचलायच्या आधी बोलतो."

त्या रविवारी आई पोळ्या लाटत होती आणि तुम्ही मला ओट्यापाशी उभं केलंत. एक पाय पाटावर, थोड्या वेळानं दुसरा, गुडघे सैल. मला हसू येत होतं. शरीरातली सगळी हाडं मला तोंडपाठ होती. तुम्ही दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहात टेकवून म्हणता, "हितनं सरळ." कापडातूनही तो खरखरीत लागतो. आता फिजिओथेरपिस्ट नेमका तिथंच हात ठेवते आणि मी डोळे मिटून घेते. तिचा हात फार मऊ आहे.

सरांना मी कधीच काही बोलले नाही. गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये हातातला चिमटा मला जाणवेनासा झाला. मी थांबले. समोर माझी विद्यार्थिनी होती, तिला म्हटलं, "पुढचं तू कर." ती वाकून काम करायला लागली, तेव्हा टेबल वर घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल मॅडम, मला सवय आहे."

"मलाही होती," मी म्हटलं. टेबल वर आलं. तिनं ऑपरेशन नीट संपवलं आणि मी हात छातीशी धरून बघत राहिले.

सहा आठवडे ऑपरेशनला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पुढचं कुणी सांगत नाही. म्हणून विचारायचं होतं, काम सोडलंत त्या दिवशी तुम्ही हातांचं काय केलंत? मी तेव्हा ड्यूटीवर होते. नंतरही विचारलं नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. परवा फिजिओथेरपिस्टनं विचारलं, घरात कुणाला पाठीचा त्रास होता का? म्हटलं, वडिलांना. ते काय करायचे? मी म्हटलं, मार्केट यार्डात होते.

"अच्छा, गाळा होता का तुमचा?"

मी हो म्हटलं, आबा.