नकाशात नसलेली झाडं

मी, रोआना मे टॅकेट, वय सत्तावीस, राहणार सॉरेल फोर्क तलावाकाठी, ऑल्डर काउंटी, केंटकी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं मन ठिकाणावर आहे. वेदनेचं औषध घेतलं की माझे शब्द घसरतात, म्हणून आजचा सकाळचा डोस मी मागे ठेवला आहे. घरी येणाऱ्या परिचारिका ग्लेना मुलिन्स याला साक्षी आहेत आणि त्यांना हे अजिबात पसंत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. इतक्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं.

१. माझी सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट आणि तिचं इंजिन, दर जानेवारीत तलावात नाताळची झाडं सोडणाऱ्या स्वयंसेवकांना द्यावं. त्यांना काही गोष्टी पुन्हा सांगते. झाडावरची चंदेरी झिरमिळी शेवटच्या धाग्यापर्यंत काढा. पांढरा रंग फवारलेलं झाड घेऊ नका, आणणारी बाई कितीही गोड बोलली तरी. बुंध्याला भोक पाडून तार ओवा आणि सिमेंटचे दोन ठोकळे बांधा. एका ठोकळ्यावर झाड तळाशी चालू लागतं. हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरवतात तेव्हाही बुडालेलं राहील इतक्या खोल सोडा. आणि कोणी हसलं तर त्याला सांगा, धरण झालं तेव्हा बुडालेलं जंगल कधीच कुजून गेलं. आता तळ झाडलेल्या अंगणासारखा आहे, आणि झाडलेल्या अंगणात माशाच्या पिल्लाला लपायला जागा नसते.

२. बँकेत जे उरेल ते आमच्या काउंटीच्या शाळेतून, आपल्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या पुस्तकांसाठी वापरावं. मी पहिल्या सत्रात जीवशास्त्राचं पुस्तक ग्रंथालयात दोन-दोन तास बसून हाताने उतरवून घेत होते. त्यात मोठं काही नव्हतं, पण तिला ते करावं लागू नये. तिला नदी-तलावांचाच अभ्यास करायला लावू नका. मला मोह होतो, म्हणून लिहून ठेवते.

३. माझा लोकरी कोट आणि कपाटातलं हवं ते ऑपल आत्याने घ्यावं. आई गेल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून आली आणि अठरा वर्षं राहिली. तिच्याबद्दल जास्त लिहिलं तर ती रागावेल.

४. या कलमात वाटण्यासारखं काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

माझे वडील डॉयल टॅकेट तीस वर्षं या तलावावर गाइड आहेत. शहरातून आलेल्यांना क्रॅपी मासे लागतील तिथे नेणं, हाच त्यांचा धंदा. बुडालेल्या झाडांपाशी मासे जमतात, म्हणून इथल्या प्रत्येक गाइडची स्वतः बुडवलेली झाडं असतात. जागा लिहून ठेवायची नाही. किनाऱ्यावरच्या खुणा एका रेषेत धरून लक्षात ठेवायची, आणि दुसरी बोट दिसली की गळ वर घ्यायचा. भाऊ भावाला सांगत नाही.

मी पदवी घेऊन मत्स्य खात्यात लागले. तळ दाखवणारं यंत्र लावून तलाव पिंजून काढायचा आणि बुडालेल्या झाडांचा नकाशा सर्वांसाठी प्रसिद्ध करायचा, हे माझं पहिलं काम. ते मला मनापासून पटलं होतं. तलाव सगळ्यांचा आहे. ज्याला गाइड परवडत नाही, त्याच्याही घरी मासा शिजायला हवा. हे मला आजही तितकंच वाटतं. पण यंत्राच्या पडद्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात, खात्याने टाकलेली आणि माझ्या बापाने टाकलेली. मला शंका आली होती. मी बाबांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

एप्रिलमध्ये त्यांच्या चौदा जागांवर बोटींच्या रांगा लागल्या. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे तुझ्या आईचं झाड.”

आई गेली त्या वर्षीचं नाताळचं झाड. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ते झाड पुढे कुठे गेलं, असं मी कधी विचारलंच नव्हतं. जुनं कुजत जाई तसं बाबा दर वर्षी त्यावर एक नवं झाड सोडत होते. तिथे त्यांनी एकही गिऱ्हाईक नेलं नव्हतं.

त्याला पावणेचार वर्षं झाली. तेव्हापासून आमच्यात मीठ दे, दिवा घालव, एवढंच बोलणं आहे. दवाखान्याच्या दोन तासांच्या रस्त्यावर बाबा गाडी चालवतात आणि रेडिओ बोलतो. आत्या एकदा म्हणाली, “अरे, भांडा तरी. एवढं शांत घर शवपेट्या विकणाऱ्याचंसुद्धा नसतं.” आम्ही दोघंही हसलो, पण वेगवेगळ्या खिडक्यांकडे बघून.

५. गळाला लावायचं आमिष विकणाऱ्या दुकानाचा मालक कॉय ब्लेव्हिन्स याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. त्याने माझ्या नकाशाच्या प्रती काढून वर ‘डॉयलची गुपितं’ असं छापलं आणि बाबांच्या तोंडावर म्हणाला, “पोरीला शिकवलंस ते बरं केलंस डॉयल, आमचं फावलं.” त्याला माफ करावं असं मला वाटायला हवं. अजून वाटत नाही.

६. नकाशा निघाल्यानंतरच्या तीन नाताळांची आमच्या घरची झाडं मी एकटीने एकाच जागी बुडवली आहेत. ती कोणत्याही नकाशात नाहीत. खात्यातल्या माणसाने असं करणं चूक आहे, पण मी केलं. मी बाबांचं जे घेतलं ते मला परत करता येत नाही. म्हणून ही जागा मी बाबांना, आणि फक्त त्यांनाच देते. या वर्षीचं झाड मला नेता आलं नाही. जागेच्या खुणा वेगळ्या चिठ्ठीवर आहेत, कारण माणूस गेल्यावर मृत्युपत्र कोर्टात दाखल होतं आणि मग ते कोणीही मागून वाचू शकतं.

७. सहावं कलम संपलं तेव्हा बाबा सूप घेऊन आत आले. दुसरा साक्षीदार दुपारी येणार होता. बाबांनी उभ्याउभ्याच सगळं वाचलं आणि ग्लेनाबाईंकडे पेन मागितलं. मी सांगितलं, तुम्हाला सही करता येणार नाही, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तुमची जागा जाईल. ते मला माहीत आहे, म्हणाले.

मग म्हणाले, “तीन नाही, चार लिही. पडवीतलं झाड सोमवारी मी नेऊन सोडलं.”

तुम्हाला जागा कशी कळली, असं मी विचारलं.

“पोरी, या पाण्यावर तीस वर्षं पोट भरतोय मी. पहिल्याच वर्षी कळली.”

“आणि गळ टाकलात?”

“नाही.”

ते खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या आईच्या जागेवर मी एकटा जायचो. पंधरा वर्षं. आता तिथं माणसं असतात. सँडविच खातात, बडबड करतात. पहिल्यांदा जीव घ्यावासा वाटला एकेकाचा. पण तिला बडबड आवडायची गं.” आणि मग, “चिठ्ठी फाड. खुणा इथेच लिही, मी सांगतो.”

म्हणून सहाव्या कलमातली देणगी रद्द. बाबांनी सांगितलं तसं लिहिते: धक्क्यावरून निघून बॅप्टिस्ट चर्चचं शिखर पाण्याच्या टाकीमागे झाकलं जाईपर्यंत सरळ जावं. मग उजवीकडे पिवळा कडा आणि त्याच्या पाठचा विजेचा मनोरा एका रेषेत आले की इंजिन बंद करावं. पाणी सोळा फूट. चार झाडं. कोणीही यावं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: रोआना मे टॅकेट
स्थळ: सॉरेल फोर्क, ऑल्डर काउंटी, केंटकी
दिनांक: १९ जानेवारी २०२४

आमच्यासमोर सही झाली:
१. ग्लेना मुलिन्स, परिचारिका
२. डॉयल टॅकेट, गाइड. नातं: वडील