शेवटचा हॅडॉक

हॅलमबी, शनिवार

प्रिय ताईस सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे मागच्या पत्रात होते तसेच आहेत (तू विचारलं नव्हतंस, तरी सांगतो). तिकडे दक्षिणेत छान ऊन पडलंय असं लिहिलं होतंस, वाचून वाईट वाटलं. इथे आठवडाभर आभाळ गळतंय, त्याच्या जोडीला माझं छप्परही गळतंय, आणि काल दुपारी मिसेस ओल्डरॉइडच्या दुकानात मासा खायला गेलो तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

त्या बाई दीडला तळण बंद करतात म्हणजे करतात, दारात बिशप उभा राहिला तरी. मी शेवटून दुसरा. माझ्या मागे कोण, तर आपला हॉरेस. (भाज्यांच्या प्रदर्शनात परीक्षक होऊन त्याने माझ्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या, भोपळ्याला दुसरा नंबर दिला आणि पहिला पाद्रीसाहेबांच्या बायकोला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, हे तुला ठाऊक आहेच. तो भोपळा तू पाहायला हवा होतास.) बाई म्हणाल्या, हॅडॉक मासा एकच उरलाय, बाकी कॉड आहे. आता आपल्या गावात कॉड खातं कोण, तर मांजरं आणि सुट्टीवर आलेली माणसं. रांगेत मी पुढे, तेव्हा हॅडॉक माझा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हॉरेस नुसता म्हणाला, "चालेल कॉड." बारशाच्या जेवणात कॉड दिसला म्हणून ताटावरून उठून गेलेला माणूस तो! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

टेबल एकच मोकळं. समोरासमोर बसलो आणि दोघंही व्हिनेगरच्या बाटलीकडे बघत राहिलो. बाटलीत बघण्यासारखं काही नव्हतं. मग बाईंनी चहा आदळला आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात हॉरेसला म्हणाल्या, "सोमवारी पोट फाडणार ना तुमचं? मग खाऊन घ्या नीट. ती गाठ कसली आहे म्हणाले डॉक्टर?"

"उघडल्यावर कळेल म्हणाले."

"आणि सोबत कोण जाणार?"

"टॅक्सीवाला," हॉरेस म्हणाला.

  ताई, मी हॅडॉक मधोमध तोडला आणि अर्धा त्याच्या ताटात ठेवला.  तो म्हणाला, "व्हिनेगर फार ओतलंयस," आणि सगळा खाल्ला. निघताना अर्धा कॉड माझ्या ताटात सरकवून गेला. तो मी सगळ्यांच्या देखत खाल्ला. (वाईट नव्हता. हे कुणाला सांगू नकोस.)

बाकी क्षेम. काळजी घे.

तुझा भाऊ,
क्लेमंट

ता. क. : खरं काम असं. हॉरेसला ताबडतोब तार कर की सोमवारी क्लेमंटला सोबत ने. तुलाच सुचलं असं दाखव, मी सांगितलं असं कळता कामा नये. मी विचारलं तर तो नको म्हणेल. तू सांगितलंस तर मला शिव्या देईल, पण नेईल.

ता. क. २ : तिकीट चिकटवलं आणि लक्षात आलं की आजचं टपाल गेलं, उद्या रविवार. तुझ्या हातात हे पडेल तेव्हा त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणजे जाऊन मलाच विचारावं लागणार. मघापासून बूट घालून दाराशी बसलोय. तो नको म्हणाला तर मला सोसणार नाही, ताई. तार करू नकोस.