जबाबात न आलेले तीन निरोप

आई, आज कोर्टात सरकारी वकिलांनी जे वाक्य वाचलं, ते आपल्या घरात लिहिलेलं वाटावं इतकं तसंच होतं. 'कर्तव्य बजावताना, सद्भावनेने, योग्य ती काळजी घेतली.' माझ्या अशिलाचा तुरुंगात हात मोडला, पण सरकारच्या मंजुरीशिवाय अधिकाऱ्यावर खटला चालत नाही. मी उठून उभी राहिले आणि त्याच वाक्यावर बोलायला लागले.

तेव्हा तू तुरुंगातल्या महिला बरॅकची शिपाई, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. बुधवार पेठेतून तू हुडकून आणलेलं कायद्याचं जुनं पुस्तक ओट्यावर उघडं आहे आणि तू खाकी साडीतच भाकरी थापते आहेस. बरॅकमधल्या एका गरोदर बाईच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. तू जेलरसाहेबांकडे तीनदा निरोप घेऊन गेलीस. "नाटकं करते," म्हणून त्यांनी दवाखान्यात न्यायला गाडी दिली नाही. संध्याकाळी तिचं बाळ गेलं. तिने साहेबांवर तक्रार केली आणि तुला जबाब लिहून द्यायचा होता.

"तीनदा सांगितलं, येवढंच लिवते," तू म्हणालीस.

"आणि साहेब तुझ्यावर उलटले तर? नोकरी गेली तर माझ्या कॉलेजचं काय?"

"खरं हाय ते बी लिवायचं न्हाई? मग शिकतीस काय गं, वकीलीणबाई?"

मंजुरीशिवाय साहेबांवर खटला चालत नाही, ते कलम मी तुला वाचून दाखवलं. खोटं काहीच लिहायचं नाही, फक्त निरोपांचं लिहायचं नाही, असं समजावलं. आज कोर्टात वाचलं गेलं तेच वाक्य घालून मजकूर मीच तयार केला. पिठाचे हात धुऊन तू तो एकेक अक्षर बघून उतरवलास. "त्या बाईला काय वाटंल?" तू विचारलंस. भाकरी करपतेय, म्हणाले मी.

तुझ्या जबाबाचा आधार घेऊन सरकारने मंजुरी नाकारली. कोर्टाच्या आवारात ती बाई तुझ्या समोरून गेली, तुझ्याकडे बघून थांबली. तू पदर सारखा करत राहिलीस. नंतर तू माझ्यापुढे कामावरची गोष्ट कधी काढली नाहीस, आणि मला सनद मिळाली त्याच वर्षी गेलीस.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून हेही लिहिते. कैद्यांच्या कामाकडे कशा वळलात, असं ज्युनिअर मुली विचारतात. मी त्यांना हीच हकिगत सांगते. आई घाबरली, तिने निरोप लिहिलेच नाहीत, असं सांगते. आज दुपारीही तसंच सांगितलं.